झाकण लावण्याआधी

चारुताने आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप कॅबिनेटच्या आत सोडली, तिचं पितळी टोक मागच्या पत्र्याला टेकवलं आणि वाकून आकडा वाचला. मग टेप काढून पुन्हा मोजलं. आकडा तोच आला, तेव्हा कुठे तिने टेप गुंडाळली.

कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आडवा निजवलेला होता. एका बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवलं होतं. हृषीकेशकाकांच्या ऑफिसातून निघालेला जुना डबा, पण आतून ठणठणीत. त्यात नव्हतं ते फक्त ग्राफिक्स कार्ड. आणि ते कुठलंही आणून चालणार नव्हतं. कॅबिनेट अरुंद, म्हणून कार्ड बुटकं हवं. पॉवर सप्लाय बेताचा, त्यातून कार्डासाठी वेगळी वायर निघतच नव्हती. म्हणजे बोर्डावरच्या स्लॉटमधून जेवढी वीज मिळेल तेवढ्यावर ज्याचं भागेल, असंच कार्ड शोधायचं. तिने आठवडाभर वाचून वाचून शेवटी एक हेरलं होतं. सत्तर वॉटचं, तळहाताएवढं.

"ताटं कुठे मांडू?" आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली. "तुझ्या पेशंटच्या पोटावर?"

"आई, फक्त आजचा दिवस."

"कालही आजचाच दिवस होता."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला कूलरसमोर तिचे वडील, नाना, पेपर वाचत बसले होते. दुसरा शनिवार, त्यामुळे सिंचाई खात्याचं ऑफिस बंद. त्यांनी पेपराआडूनच विचारलं, "सोमवारी दुपारपर्यंतच ना गं मुदत?"

"हो, नाना."

"बरं. मंगळवारी बी.एड.चे क्लास सुरू होतायत. सहज लक्षात आलं म्हणून म्हटलं."

सहज काही नव्हतं. दोघांचं तसं ठरलंच होतं. बेंगळुरूच्या एका लहानशा कंपनीने चारुताला एक काम परीक्षेसारखं दिलं होतं. उपग्रहाने काढलेल्या फोटोंमधून तळी आणि तलाव ओळखायला प्रोग्रॅमला शिकवायचं. जमलं तर नोकरी, तीही इथे झाशीत, घरी राहून. नाही जमलं तर नाना म्हणतील तसं बी.एड., आणि मग एखाद्या शाळेत फिजिक्स. कार्डाशिवाय तिने करून पाहिलं होतं. जुन्या मशीनने ते काम पुढच्या आठवड्यातसुद्धा संपवलं नसतं.

"घरी बसून नोकरी," नाना एकदा म्हणाले होते, "आमच्या खात्यात त्याला रजा म्हणतात."

*

इलाइट चौकातल्या दुकानात आदित्य भैयाने आधी तीन पंख्यांचं एक भलंमोठं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

"ये ले जाइए दीदी। गेमिंग में मक्खन चलता है।"

"गेमिंग नहीं करनी, भैया। तालाब ढूँढने हैं।"

"तालाब?" त्याने मान वर केली. "लक्ष्मी ताल तो यहीं है। इसके लिए कार्ड काहे को?"

चारुताला हसू आलं. तिने कागदावर लिहून आणलेलं नाव पुढे केलं.

"ये तो छोटा है," तो जरा नाराजीने म्हणाला. "इसमें लाइट भी नहीं जलती।"

"जली भी तो डिब्बे में बंद रहेगी। कौन देखेगा?"

आतून त्याने छोटा बॉक्स आणला. बॉक्सवरची लांबी, उंची, वॉट असं सगळं तिने पुन्हा एकदा वाचून घेतलं. मागे उभा असलेला माणूस घड्याळ बघायला लागला, तरी तिने शेवटची ओळसुद्धा सोडली नाही.

"सील खुल गई तो वापसी नहीं होगी," आदित्य भैयाने सांगितलं.

"नहीं करनी पड़ेगी," ती म्हणाली. हिशोब पक्का होता.

*

स्कूटी नगरा मोहल्ल्यातल्या घरापुढे लावून ती आत आली, तेव्हा नाना तसेच बसले होते.

"आली का तुझी गेमची चीज?"

"गेमची नाही, नाना."

"असं?"

तिने बॉक्स टेबलावर उघड्या कॅबिनेटशेजारी ठेवला. ठेवून झाल्यावरही तिचा हात त्याच्यावरच राहिला.

या घरात नवी वस्तू आली की वापरण्याआधी नाना देवघरात जात आणि कुंकवात घोळलेल्या चार अक्षता आणून तिच्यावर टाकत. कधीकाळी पूजा सांगायला दक्षिणेतून इकडे आलेल्यांचं हे घराणं. पौरोहित्य मागे पडलं, नाना खात्यात बाबू झाले, घरातलं मराठी अर्धंअधिक हिंदीत विरघळलं, पण ही एवढी सवय टिकून होती. कूलरवर अक्षता पडल्या होत्या, इन्व्हर्टरवर, स्कूटीवर. एम.एस्सी.ला घेतलेल्या कॅल्क्युलेटरवरसुद्धा पडल्या होत्या, आणि त्याचं 'पाच'चं बटण त्यानंतर बरेच दिवस दाबलं की करकर करायचं. चारुता हसायची. नाना म्हणायचे, "हस. गणित बरोबर येतंय ना?"

आज नानांनी पेपराचं पान उलटलं. बॉक्सकडे पाहिलं नाही.

तिने सील फोडलं, कार्ड पिशवीतून अर्धवट बाहेर काढलं आणि तसंच ठेवलं. तेवढ्यात आईने हाक मारली. छतावर पापड वाळत घातले होते आणि पश्चिमेकडून वावटळ उठली होती. ती वर गेली. पापड गोळा करताना एक उडालाच, तो शेजारच्या छतावरून मागून आणावा लागला. खाली आली तेव्हा नाना त्याच खुर्चीत, त्याच पानावर होते.

हात धुऊन, पुसून, अंगातली वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला क्षणभर बोटं लावून तिने कार्ड उचललं. स्लॉटवर सरळ धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी खाली दाबलं. कार्ड खाली गेलं. पलीकडच्या टोकाची प्लास्टिकची कडी बसताना 'टक' वाजायला हवं होतं. पण कूलर असा घरघरत होता की काही ऐकू येणंच शक्य नव्हतं. तिने स्क्रू लावला, स्क्रीनची वायर कार्डाला जोडली आणि बटण दाबलं.

कार्डावरचा पंखा फिरला. स्क्रीन काळाच राहिला.

वायर बदलली. काळाच. कार्ड काढून बघितलं, तर जुना कॉम्प्युटर मुकाट सुरू झाला. कार्ड घातलं, पुन्हा काळोख. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन त्याची माहिती नव्याने वाचली. लांबी जुळत होती, वीज जुळत होती, स्लॉट तोच होता. सगळं जुळत होतं आणि काहीच चालत नव्हतं.

शेवटी कार्ड पुन्हा पिशवीत घालून ती इलाइटवर गेली. आदित्य भैयाने त्याच्या मशीनमध्ये ते बसवलं. स्क्रीन लगेच उजळला.

"कार्ड तो चकाचक है, दीदी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, त्यामुळे तिला जास्तच लागलं. "आपका बोर्ड पुराना है। नहीं उठा रहा होगा।"

"उठाना चाहिए। मैंने पूरा पढ़ा है।"

"लिखा तो बहुत कुछ रहता है।"

*

परत आली तेव्हा उन्हं कलली होती. आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. नाना खुर्चीतून उठून टेबलाजवळ उभे होते.

"नाही चाललं?"

"दुकानात चाललं. इथे नाही चालत." तिने पाणी पिऊन घेतलं. "निवड चुकली माझी."

बी.एड.चं नाव आता निघेल म्हणून ती थांबली. निघालं नाही. नानांनी वाचून झालेला पेपर उगीचच चौथ्यांदा दुमडला.

"दोष कशात आहे?"

"तेच कळत नाही. कागदावर सगळं बरोबर आहे."

"मग पुन्हा बघ."

"बघितलं, नाना. किती वेळा बघू?"

"मी टॉर्च धरतो," ते म्हणाले, आणि तिने हो-नाही म्हणायच्या आत कपाटावरून टॉर्च घेऊन आले. आईला म्हणाले, "अगं, तो कूलर बंद कर जरा. काही सुचू देत नाही."

कूलर थांबला. घर एकदम शांत झालं, आणि उकाडा अंगावर आला. चारुताने कार्ड स्लॉटवर ठेवून दाबलं आणि कान देऊन ऐकलं. काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबलं. नाही.

"हे वाजायला पाहिजे," ती हळू म्हणाली.

"काय वाजायला पाहिजे?"

"कडी. कार्ड पूर्ण खाली गेलं की वाजते. म्हणजे हे पूर्ण खाली जातच नाहीये." तिने कार्ड उपसून बाजूला ठेवलं आणि डोकं आत घातलं. "नाना, जरा डावीकडे धरा. आणखी. हां, तिथेच."

उजेड स्लॉटच्या चिंचोळ्या फटीवरून सरकत पलीकडच्या टोकाला गेला. तळाशी काहीतरी होतं. बारीक, लांबट, लाल.

तांदळाचा दाणा.

उजेड जागच्या जागी थांबला होता.

चारुताने मान वर केली नाही. खाली वाकलेल्या तिच्या डोळ्यांसमोर नानांचे अनवाणी पाय होते. सकाळी खुर्चीखाली ठेवलेल्या चपला अजून खुर्चीखालीच होत्या. देवघरात ते चप्पल घालून जात नसत. छतावरचा पापड, शेजारचं छत, जिन्यावरून खाली येताना वाजणारी तिची स्लिपर, ती आली तेव्हाही न उलटलेलं पेपराचं पान, सगळं तिच्या मनात एकामागोमाग एक येऊन बसलं.

तिने हात असा ठेवला की स्लॉटवर सावली पडावी.

"नाना, आईला चहा टाकायला सांगता?"

आई चार पावलांवर उभी होती. नानांनी टॉर्च कॅबिनेटच्या कडेवर बेताने टेकवून ठेवला, उजेड बरोबर स्लॉटवर पडेल असा, आणि आईला म्हणाले, "चल, आज चहा मी करतो. तू आलं तेवढं किसून दे."

"तुम्ही?" आईचा आवाज स्वयंपाकघरात शिरेपर्यंत ऐकू येत होता. "साखर कुठल्या डब्यात असते ते तरी ठाऊक आहे का?"

चारुताने पर्समधून भुवयांचा चिमटा काढला. दाणा पहिल्या खेपेला निसटला, दुसऱ्या खेपेला हाती आला. दोन्ही टोकं शाबूत होती. पूजेला तुटका तांदूळ चालत नाही, म्हणून अक्षता करताना नाना दाणे निवडून घ्यायचे. तिने मोबाइलचं कव्हर एका कोपऱ्यातून उचकटलं, दाणा आत सरकवला आणि कव्हर पुन्हा दाबून बसवलं. तळहातावर कुंकवाचा ठिपका राहिला, तो तिने पुसला नाही.

कार्ड ठेवलं. दाबलं.

टक.

नाना चहा घेऊन आले तेव्हा स्क्रीन उजळलेला होता. ते जरा लांबच उभे राहिले.

"काय निघालं?"

"काही नाही. नीट बसलं नव्हतं. माझीच घाई झाली."

"हं." त्यांनी कप तिच्यासमोर ठेवला. "घाई तुझी जुनीच आहे."

"दुकानदार म्हणत होता, बोर्ड जुना आहे."

"त्याला काय कळतंय," नाना एकदम म्हणाले. मग आवाज खाली आणून, "म्हणजे, तूच सगळं बघून आणलं होतंस ना. मोजून."

प्रोग्रॅम सुरू झाला. स्क्रीनच्या एका बाजूला वरून टिपलेली जमीन दिसायला लागली, मातकट, आणि मध्ये मध्ये निळेकाळे तुकडे. दुसऱ्या बाजूला चुकांचा आकडा हळूहळू उतरत होता. या वेगाने उद्या संध्याकाळपर्यंत सगळे फोटो पार पडले असते आणि सोमवारची सकाळ तपासायला मोकळी राहिली असती. नाना आता जवळ आले. चष्मा वर करून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं.

"हे कुठलं?"

"बबीन्याच्या पुढचं."

"हा तलाव..." त्यांनी बोट पुढे केलं, पण काचेला लावलं नाही. "ही तर आमच्या खात्याचीच कामं की गं."

"हो."

"तसं म्हणाली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

नानांनी स्वतःच्या चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. साखर विसरले होते. तरी ते उभ्याउभ्या सगळा प्यायले, स्क्रीनवर एक तलाव सरून दुसरा येताना बघत. रिकामा कप उचलून ते आत गेले.

चारुताने झाकण भिंतीपासून उचललं. मशीन चालू होतं, म्हणून ते अलगद खाचेत सरकवलं, मागचे दोन्ही स्क्रू पिळले आणि वरून हात फिरवून बघितला. फट कुठेच राहिली नव्हती. तिने आपला कप त्याच्यावर ठेवला.

"चारुता," आतून आवाज आला. "झाकण लागलं का?"

"लागलं, नाना."

"स्क्रूसुद्धा?"

"सगळे."

मग देवघराच्या बाजूने अनवाणी पावलं आली. नाना दारात थांबले. त्यांची उजवी मूठ मिटलेली होती.

चारुताने कॅबिनेटवरचा कप उचलून बाजूला ठेवला.