चुलींची धग

आमच्या चारकोप गावठाणाच्या वेशीवर एक काळा दगड आहे. त्याच्यात धग आहे. ती कुणा एकाची नाही, सगळ्या चुलींची मिळून आहे. होडी निघाली की घरच्या चुलीवर कंदील पेटवून सोबत द्यायचा. मग तो वाऱ्याने विझत नाही, आणि धुक्यात त्याची ज्योत खोल पाण्याकडे झुकते. तिकडे सुकाणू धरायचं. इतकंच मला बापाने शिकवलं. धग वाटली कशी जाते, ते त्यालाही ठाऊक नसावं. आम्ही धरून चाललो होतो की ती भाकरीसारखी असणार, खाणारी तोंडं वाढली की तुकडा लहान.

सत्त्याऐंशीच्या थंडीत माझा मुलगा लहू दोन-तीन खेपा कुरकुरत आला. "बाबा, ज्योत मरगळलीय. झुकतच नाय."

त्याच सुमाराला रस्त्यापलीकडे नव्या वसाहतीच्या सेक्टरांची बैठी घरं भरू लागली होती. रोज नवे स्टोव्ह. गावाचा पाटील सहदेव म्हणाला, "त्यांनीच ओढली आपली धग." मलाही ते पटलं.

सोमवारी सकाळी दाट धुकं पडलं. लहू एकटाच खाडीत, ओहोटी लागलेली. वाट चुकली तर होडी खडकांवर. माझी बायको मथुरा धक्क्यावरून हाका मारत होती, पण उत्तर येत नव्हतं.

"तुमची चूल ठेवा, बाकी सगळ्या विझवा," सहदेव म्हणाला. "सगळी धग लहूला जाऊ दे."

गावाने चुलींत पाणी ओतलं. मग मी सेक्टरात धावलो. पहिल्याच घरात शेवंती होती, कणकवलीकडची. नवऱ्याची गिरणी संपात गेली ती गेलीच.

"आजोबा, भाकरी तव्यार आसा. इस्टो कित्याक विजवू?"

मला धड सांगता येईना. "पोरगा खाडीत आहे गं."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, स्टोव्हची चावी सोडून तो विझवला आणि गल्लीत ओरडली, "बंद करा गो सगळी!" स्टोव्हची फरफर एकेक करत थांबली. तेवढ्यात इंडस्ट्रियल इस्टेटचा आठचा भोंगा वाजला.

दहाच्या सुमाराला धुकं विरलं आणि लहू कमरेएवढ्या चिखलातून चालत आला. मथुरा त्याला चाचपून बघत राहिली.

"होडी?"

"खडकावर. तळ फुटला नाय अजून, पण आजच्या भरतीला नाय काढली तर वाट लागली समज."

"कंदील?"

"सकाळी झकास होता! मी म्हटलं, दिवाळी आहे की काय. ज्योत नुसती आडवी, वाट दाखवतेय. धक्का जवळ आला नि मंद व्हायला लागला. आठच्या भोंग्याला फट्कन विझला."

मग सहदेव म्हणाला, "पण मागच्या खेपांना मरगळला होता तो?"

"तेव्हा तुझ्या पोरीचं लग्न होतं," मथुरा म्हणाली. "आठवडाभर अख्खं गाव मांडवात जेवत होतं. चूल कुणाची पेटली होती रे?"

सहदेव वेशीवरच्या दगडाकडे बघत राहिला. मीही. म्हणजे चुली धग घेत नाहीत, देतात? आणि सेक्टरातल्यासुद्धा? त्यांनी तर तो दगड पाहिलाही नव्हता. डोकं चालेना. पण भरतीला दुपारी दोन वाजता पाणी चढणार होतं, खडक बुडणार होते, आणि त्यांच्यामधून होडी काढायला खोल पाणी दाखवणारी ज्योत हवी होती. गावातली लाकडं ओली करून ठेवली होती आम्हीच.

मी परत शेवंतीच्या दारात गेलो. तव्यावरची भाकरी अर्धी कच्ची, तशीच.

"झील इलो?"

"आला. आता स्टोव्ह पेटव. शेजारणींनाही सांग. तीन वाजेपर्यंत विझू देऊ नका."

तिने कमरेवर हात ठेवले. "सकाळी विजवा म्हणालात, आता पेटवा. आजोबा, तुमका नक्की काय होया?"

"मला तरी कुठे कळलंय," मी म्हणालो. "होडी अडकलीय त्याची. पेटव एवढंच."

"रेशनचा रॉकेल आसा हां," ती पुटपुटली. पण खाली बसली, पंप मारला आणि काडी ओढली.

"आणि परत विजवूक येव नकात!"