साडेपाचच्या आतलं दूध

कळंब्याच्या अलीकडच्या त्या दूध संस्थेत संगणकाचं सगळं मधुवंती बघायची. कुठल्या सभासदानं वर्षात किती दिवस दूध घातलं, हे ती पूर्वी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमनं मोजायची. तो डेटाबेसमधली एकेक नोंद बाहेर काढून तारीख लावायचा आणि यादीला चार तास घ्यायचा. चेअरमन हंबीरराव तेवढ्यात तीनदा चहा मागवत आणि सातदा टोमणे मारत. म्हणून यंदा तिनं मोजदाद डेटाबेसच्याच तयार फंक्शनवर सोपवली. यादी चार सेकंदांत निघाली. वार्षिक सभेत तिला फेटा बांधला गेला. आमची मधुवंती म्हणजे जर्सी गाय, असं हंबीरराव म्हणाले. टाळ्या पडल्या, म्हणजे ते कौतुकच असावं.

संचालकपदाचे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकराला बनाबाई आली. तिला महिलांच्या जागेवर उभं राहायचं होतं. त्याला एकशे ऐंशी दिवस दूध घातलेलं लागतं. यादीत तिचे एकशे सत्त्याहत्तरच भरले होते. ती फक्त सकाळचं दूध घालायची. वर्षाच्या पावत्या तिनं महिन्यागणिक दोऱ्यात ओवून आणल्या होत्या.

"मोज पोरी. मशीनला बोटं न्हाईत, तुला हायत की."

मधुवंतीनं मोजल्या. एकशे त्र्याऐंशी. मग तिनं पावत्यांवरच्या वेळा डेटाबेसमधल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. डेटाबेस वेळ ठेवायचा ती परदेशी घड्याळाची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. जुना प्रोग्रॅम तारीख लावण्याआधी ते तास मिळवायचा. तयार फंक्शन मिळवत नव्हतं, आणि मिळव म्हणून तिनं त्याला सांगितलंही नव्हतं. सव्वापाचला घातलेलं दूध आदल्या तारखेला जमा. सोमवारी पावणेसहा, मंगळवारी सव्वापाच, की दोन दिवसांचा एकच दिवस. आरामात उठणाऱ्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. रांगेत पुढं उभं राहायला धडपडणारी एकेचाळीस नावं तेवढी गळाली होती.

तिनं एक ओळ बदलली, नवी यादी काढली आणि हंबीररावांपुढं ठेवली. त्यांनी ती बोट फिरवत सावकाश वाचली. महिलांच्या जागेवर तोवर एकच अर्ज होता, त्यांच्या सुनेचा, निशिगंधाचा.

"चूक कुणाची?"

"माझी, साहेब."

"मग तुमची चूक संस्थेच्या माथी कशाला? आज दिवस चुकलं म्हणून लिवलं, तर उद्या दुधाचं फॅट बी चुकलं म्हणतील. ऱ्हाऊ द्या हितं. मंडळापुढं ठेवू."

"मंडळ कधी बसणार?"

"निवडणूक झाली की."

ती निवडणूक अधिकाऱ्याकडं गेली. चेअरमनच्या सहीशिवाय आपण यादी हातातही घेत नाही, असं त्यानं सांगितलं आणि घड्याळ दाखवलं. तीन वाजले, अर्जाची मुदत संपली. निशिगंधा बिनविरोध आली.

मधुवंतीनं बनाबाईपासून काहीच लपवलं नाही.

"म्हंजे माझं बरोबर हाय?"

"बरोबर आहे, मावशी."

"आन् बाद बी मीच."



आठवड्यानं हंबीररावांनी तिच्याकडूनच एक सूचना टाइप करून घेतली: संगणकीय कारणास्तव पहाटे साडेपाचच्या आधी दूध स्वीकारलं जाणार नाही. घोळ मुळासकट मिटला, असं ते खुशीत म्हणाले. दुसऱ्या दिवशी सव्वापाचला संस्थेच्या दूध संकलन केंद्राच्या बंद दारापुढं बारा किटल्या ओळीनं लागल्या होत्या. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, बनाबाई तिसरी. कुणी भांडत नव्हतं. मधुवंती आत स्क्रीनसमोर बसून साडेपाच वाजायची वाट बघत होती.