बारक्याचा खांदा

सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर, फिजिओथेरपीच्या खोलीत बाईंचा शब्द चाले. भिंतीला लाकडी शिडी, छताला कप्पी आणि दोरी, आणि मधोमध बाई, हात वर जात नाही म्हणून विव्हळणाऱ्या चांगल्या थोराड माणसांना दटावत उभ्या. प्रत्येकाला एकदा तरी त्या ऐकवायच्याच, "खांदा म्हणजे बिजागरी आहे, हातोडा नव्हे! जोर कंबरेतून आला पाहिजे, कळलं?" नाही कळलं, तर स्वतःची भरभक्कम कंबर वळवून दाखवायच्या, आणि पेशंट दुखणं विसरून हसायला लागायचा.

घरी मात्र बाईंचं काही चालत नसे. घरी बारक्या होता. बारक्या म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच, पोलीस ठाण्यात अधिकारी. मध्यंतरी त्याचा उजवा खांदा धरला. "क्लबात बॅडमिंटन खेळायला लागलोय," तो म्हणाला, आणि बाई खूश झाल्या. वडील गेल्यापासून पोरगं कामात नुसतं बुडालेलं. खेळतोय तर खेळू दे. रोज संध्याकाळी स्टुलावर बसवून त्या त्याचा खांदा शेकत, मोकळा करत, आणि फटका कसा मारायचा तेही शिकवत. कंबरेतून वळ. मनगट सैल सोड. मध्ये थांबून घोटभर पाणी पी, म्हणजे हात भरून येत नाही. "जशी मातोश्रींची आज्ञा," बारक्या म्हणे. खांदा पुन्हा झकास फिरायला लागला, तेव्हा बाईंनी ते शेजारणीपासून वाण्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं.

मग तो वायरमन आला. त्याला दोन्ही हात छातीच्या वर नेता येत नव्हते. ज्या दुकानाचं वायरिंग त्याने केलं तिथेच चोरी झाली, म्हणून पोलिसांनी त्याला उचललं, आणि खरा चोर सापडल्यावर सोडून दिलं. मधल्या दिवसांत काय झालं ते त्याच्या पाठीवर दिसत होतं. त्याने तक्रार केली, चौकशी समिती बसली, सुनावणी तोंडावर आली. पण डोळ्यांवर पट्टी बांधलेली, मग मारणारा ओळखायचा कसा? ठाण्यात सगळ्यांनी कानांवर हात ठेवले होते. ओळख पटली नाही तर प्रकरण तिथेच संपलं, असं वकिलाने सांगून टाकलं होतं. शहरात ठाणी पुष्कळ. हे कुठलं, ते बाईंनी विचारलं नाही. त्यांनी त्या राक्षसांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि वायरमनच्या हातात कप्पीची दोरी दिली.

"हळू, दादा. ओढू नका. अहो, खांदा म्हणजे बिजागरी आहे, हातोडा नव्हे! जोर कंबरेतून—"

दोरी त्याच्या हातातून सुटली. तो मागे मागे सरकत भिंतीला जाऊन चिकटला.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? माझंच वाक्य आहे ते."

"तो म्हणायचा," वायरमन म्हणाला. "मला टांगलं होतं, आणि तो दुसऱ्याला शिकवत होता. अरे खांद्याने नको मारूस, खांदा म्हणजे बिजागरी आहे, हातोडा नव्हे. कंबरेतून वळ. मध्येच थांबून पाणी प्यायचा, ताई. मला वाटायचं, संपलं. मग पुन्हा सुरू. म्हणायचा, मातोश्रींची आज्ञा आहे, हात भरून येता कामा नये. सगळे हसायचे."

बाई स्टुलावर बसल्या, आणि आपल्याच हातांची त्यांना अशी किळस आली की ते कुठे ठेवावेत कळेना. असं कसं झालं? हा कसा माझा बारक्या? डोकं चालेना. वायरमन घाबरून त्यांनाच पाणी देऊ लागला, पण त्याचा हात तेवढा उचलेना.

संध्याकाळी बारक्या नेहमीसारखा शर्ट काढून स्टुलावर बसला. बाई मागे उभ्या राहिल्या.

"रॅकेट कुठे आहे रे तुझी?"

"क्लबात."

"एकदाही घरी आणली नाहीस."

"आज काय उलटतपासणी आहे का?" तो हसला.

"तो वायरमन माझ्याकडे येतो."

बारक्या वळला नाही. तसाच म्हणाला, "तेव्हा आम्हाला तोच चोर वाटला होता, आई."

तो नाही म्हणेल, या एवढ्याशा आशेवर बाई घरापर्यंत चालत आल्या होत्या. आणि हा चुकीच्या बसमध्ये चढल्यासारखं सांगत होता.

"आणि चोर असता तर?" त्यांनी विचारलं.

"तर काय?"

त्याला प्रश्नच कळला नव्हता. खरोखर कळला नव्हता! आता तो वळून त्यांच्याकडे बघत होता, लहानपणी गणित अडलं की बघायचा तसाच, आणि बाईंना वाटलं, हे तोंड आपण कधी पाहिलंच नव्हतं.

"शर्ट घाल," त्या म्हणाल्या. "मी समितीपुढे जाणार आहे."

"वेड लागलंय का तुला? मी आत जाईन. तुझा मुलगा आहे मी!"

"म्हणून तर ते माझ्यावर विश्वास ठेवतील."

सुनावणीच्या खोलीत बारक्या कडक इस्त्रीच्या गणवेशात बसला होता. पलीकडे वायरमन, हात मांडीवर ठेवून. बारक्या बोलायला लागला तसा तो आक्रसला होता, पण आवाज ओळखला हा काही पुरावा नव्हे, असं त्याला कधीच सांगण्यात आलं होतं. बाईंचं नाव पुकारलं गेलं.

"या अधिकाऱ्याशी तुमचं नातं?" अध्यक्षांनी विचारलं.

"आई."

अध्यक्ष जरा नरमाईने म्हणाले, "बाई, तुम्ही तिथे नव्हतात. मग तुम्हाला नेमकं काय माहीत आहे?"

बाईंनी आधी वायरमनकडे पाहिलं, मग बारक्याकडे. त्याने बसल्या बसल्या उजवा खांदा सवयीने गोल फिरवला, त्यांनी शिकवलं होतं तसा.

"याचा हात कसा चालतो ते," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलंय त्याला."