मागे घेतलेली साक्ष

पाइप विहिरीतून अर्धा वर आला होता, तेव्हा एकनाथची पिकअप शेताच्या फाटकातून आत शिरली. कप्पीवरून उतरलेला दोर मी कमरेला वेढा देऊन धरला होता. पंपाचे सर्व वजन त्या क्षणी माझ्या अंगावर होते, म्हणून मी केवळ मान वळवून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि उत्तर मला तेथेच मिळाले.

“होवची नाय सही,” एकनाथ म्हणाला. “मोठो झील म्हणता, कोर्टाचो कागद येवंदे. कोर्टाची तारीख दोन महिन्यान.”

“दोन महिने? लग्न धा दिवसांवर आलंय, एकनाथ.”

“तां माका सांगान काय उपयोग? तुझो देव खंय गेलो रे पाद्रीबाबा? रजेर गेलो काय?”

एकनाथ कोकणातला. येथे आखातात, सहममध्ये, तो भाजीची गाडी चालवतो आणि माझ्याच खोलीत राहतो. तो असे बोलतो, परंतु हे बोलत असतानाच त्याने दोराचे दुसरे टोक आपल्या हातात घेतले होते. आम्ही दोघांनी मिळून पंप वर काढला. त्याच्या जाळीवर मिठाचा पांढरा थर जमला होता. समुद्र जमिनीखालून दरवर्षी थोडा थोडा आत येतो आणि या शेतातील खजुरीची झाडे ते पाणी मुकाट्याने पितात.

माझी अडचण अशी होती. ज्यांच्या नावावर माझा व्हिसा होता ते अर्बाब, म्हणजे शेताचे मालक, तीन महिन्यांपूर्वी वारले. त्याच्या आधीच माझ्या येथे राहण्याच्या कार्डाची मुदत संपलेली होती. आता वारसाची सही झाल्याशिवाय नवे कार्ड नाही आणि कार्ड नाही तोवर विमान नाही. दोन्ही मुलगे या शेतासाठी एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे होते, आणि झाडे, पंप व मी त्या वादाच्या मधोमध अडकलो होतो.

येथपर्यंतचा दोष कोणाचाही असो. पुढचा दोष मात्र माझा होता.

एक महिन्यापूर्वी मोठा मुलगा शेतावर आला असता मी त्याच्यासमोर हात जोडले. “मेरी बेटी का शादी है.” तो मोबाइलमध्ये पाहत म्हणाला, “हो जाएगा, हो जाएगा. यल्ला, काम करो.” मी ते वाक्य उराशी धरले. त्या शुक्रवारी, येथील सुट्टीच्या दिवशी, मी सोहारला उपासनेस गेलो. तेथे मल्याळी मंडळीची उपासना आटोपल्यावर चर्चच्या आवारातील मागच्या खोलीत आम्ही चौदा मराठी विश्वासणारे जमतो. साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगण्याची, वेळ आली. आमच्यात असे मानतात की, जे मागितले ते मिळाले असे समजून आधीच आभार मानावेत. त्याने विश्वास सिद्ध होतो. मी उठलो आणि म्हणालो, “प्रभूने माझ्यासाठी दार उघडले आहे. मी माझ्या लेकीच्या लग्नाला जात आहे.”

सर्वांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या या मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, साळवेसाहेब यांनी ती साक्ष मोबाइलवर टिपून माझ्या गावच्या पाळकांकडे पाठवली. गावी माझ्या पत्नीने, प्रमिलेने, उपकारस्तुतीचे अर्पण दिले आणि लग्नाची तारीख ठरली. आमच्या मंडळीत लग्नापूर्वी तीन रविवार भर उपासनेत वधूवरांची नावे वाचली जातात. माझ्या दीप्तीचे नाव दोन रविवार वाचून झाले होते.

त्या संध्याकाळी मी फोन केला.

“काय म्हणला मोठा?” प्रमिलेने विचारले.

“दोन महिने.”

पलीकडे शिवणयंत्र चालू होते, ते थांबले.

“अहो, पर साक्ष दिली व्हती ना तुम्ही?”

“दिली व्हती.”

“मंग आता पाळकसाहेबांना काय सांगू मी? बाया विचारतील. आर्पण दिलंय मी, समद्यांसमोर उभी राहून दिलंय.”

मग दीप्तीने फोन घेतला. ती परिचारिका आहे; तिचे बोलणे आम्हा दोघांपेक्षा स्वच्छ आहे.

“पप्पा, आपण पुढे ढकलू. तुमच्याशिवाय मी चर्चच्या दारातून आत पाऊल टाकणार नाही.”

“जावईबापूंची रजा?”

“ते बघतील.”

“ते नाय बघणार, बाई. बोटीवरचा माणूस तो, पुन्हा आठ महिन्यांनी उतरायचा. नाव दोनदा वाचून झालंय. तू थांबायचं नाय.”

“पाच वर्षं झाली पप्पा तुम्हाला बघून. तुम्ही कशाला सांगितलं तसं सगळ्यांना? नुसतं ‘प्रयत्न करतोय’ म्हणाला असता, तर मी वाट तरी बघितली नसती.”

असे म्हणून ती रडली नाही, आणि त्यामुळे मला अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेताला लागून असलेल्या अर्बाबच्या घराच्या मागील दारी गेलो. सफूरा माँ, त्यांची विधवा, इद्दतमध्ये होत्या. पती वारल्यावर चार महिने दहा दिवस स्त्रीने घरातच राहावयाचे, परक्या पुरुषासमोर यावयाचे नाही, असा त्यांचा नियम आहे. त्या दाराआड बसत आणि मी पायरीवर उभा राहून पंपाची हकिगत सांगत असे.

“दयानंद, पानी आज भी खारा?”

“हाँ माँ, खारा.”

“मेरा लड़का साइन नहीं किया.”

“नहीं किया, माँ.”

त्या म्हणाल्या, “मैं बोली उसको. माँ का बात कौन सुनता है? मैं खुद जाके बोलती कोर्ट के बड़े साहब को. लेकिन चालीस दिन और है मेरा, ये दरवाज़ा तक.” आणि त्यांनी विचारले, “तू रोज़ दुआ करता है, मैं खिड़की से देखती. तेरा रब सुनता नहीं?”

“सुनता है माँ. जवाब नहीं दिया.”

“मेरे को भी नहीं दिया,” त्या म्हणाल्या. मग दाराखालून एक बशी बाहेर सरकली. तिच्यात सहा खजूर होते. मी ते पायरीवर बसून खाल्ले. दाराच्या त्या बाजूलाही कोणीतरी बसले आहे, हे मला जाणवत होते.

शुक्रवारी एकनाथने मला सोहारला नेले. तो नेहमीप्रमाणे खोलीबाहेर चपलांजवळ बसला. मी आधी साळवेसाहेबांना एकीकडे घेऊन माझा मनोदय सांगितला. त्यांचा चेहरा उतरला.

“दयानंदभाऊ, दिलेली साक्ष कुणी परत घेतं का? धीर धरा. अजून आठ दिवस आहेत. अशानं नवीन लोकांचा विश्वास डळमळतो.”

“साहेब, जे झालं नाय ते झालं म्हणून सांगितलं मी. ते बी देवाच्या नावावर.”

“तो तुमचा विश्वास होता, भाऊ.”

“नाय साहेब. ती माझी घाई व्हती.”

साक्षीच्या वेळी मी उभा राहिलो. मी म्हणालो, “त्या शुक्रवारी मी दार उघडलं म्हणून सांगितलं व्हतं. दार उघडलेलं नाय. माणसाच्या एका शब्दावर मी देवाचं नाव लावलं, त्याची मी क्षमा मागतो. मी लग्नाला जाणार नाय. मला फार वाईट वाटतंय. पण मी प्रार्थना सोडलेली नाय, आन् सोडणार नाय. आज माझी साक्ष एवढीच हाय.”

आमच्याकडे साक्षीनंतर सर्वजण आमेन म्हणतात. त्या दिवशी कोणीही म्हणाले नाही. ढोलकीवाल्याने ढोलकीवरचे हात मांडीवर घेतले. साळवेसाहेबांनी घसा साफ करून पुढील गीताचा क्रमांक सांगितला.

परतीच्या वाटेवर एकनाथ गाडी चालवत होता. सहमच्या वळणावर तो म्हणाला, “मी भायर आयकलंय. तां शेवटचा काय असता, आमेन, तां म्हणाक तोंडार इल्ला माझ्या. पण म्हटलंय, माझो काय हक्क?”

“म्हण आता.”

“आता?” त्याने गिअर बदलला. “आता लाज वाटता.”

रविवारी तिसऱ्यांदा नाव वाचले गेले, आणि शनिवारी लग्न लागले. लग्नाची वेळ तेथील चारची, म्हणजे येथील अडीच. तो पाणी देण्याचा दिवस होता आणि पंपाच्या आवाजात फोन ऐकू येणे अशक्य होते. मी काय करावे या विचारात असता अर्बाबच्या घराच्या वरच्या खिडकीची फळी किंचित उघडली.

“दयानंद! पंप बंद कर. एक घंटा.”

“झाड़ सूखेगा, माँ.”

“एक घंटे में कोई नहीं मरता. बंद कर!”

मी पंप बंद केला. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि बूट पुसले होते. खजुरीच्या दोन रांगांमध्ये पाण्याच्या पाटाकाठी एक सरळ पायवाट आहे. तिच्या टोकाशी मी उभा राहिलो. मेहुण्याने तिकडे फोन धरला होता. चर्चचे दार दिसले, आणि पांढऱ्या साडीत दीप्ती. तिच्या डाव्या बाजूस प्रमिला होती. दीप्तीने उजवा हात कोपरात वाकवून रिकामाच ठेवला होता.

वाद्य सुरू झाले. त्या दोघी चालू लागल्या, तसा मीही डावा हात कोपरात वाकवून चालू लागलो. हळूहळू, तिच्या पावलाबरोबर एक पाऊल. मागे खिडकीत कोणी पाहत होते किंवा नाही, ते मी वळून पाहिले नाही.

पाळकांसमोर त्या थांबल्या. मी शेवटच्या झाडापाशी थांबलो.

“या विवाहासाठी या कन्येला कोण देत आहे?” पाळकांनी विचारले.

प्रमिलेने मान वर करून फोनकडे पाहिले. दीप्तीनेही पाहिले. आणि त्याच क्षणी चित्र थांबले.

“मी,” मी म्हणालो. “मी, दयानंद. तिचा बाप.”

चित्र हलले नाही. त्या दोघी तशाच माझ्याकडे पाहत राहिल्या. मी आणखी एकदा मोठ्याने म्हणालो. पाखरे उडाली. मग पडदा काळा झाला, आणि कितीही वेळा लावला तरी फोन लागेना.

तासाला अजून पस्तीस मिनिटे बाकी होती. मी ती तेथेच उभा राहून काढली. त्यानंतर जाऊन पंपाचा खटका दाबला. पाट भरू लागला आणि पहिले पाणी शेवटच्या झाडाच्या आळ्यात शिरले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की, डावा हात मी अद्याप खाली घेतलेला नाही.