सहा वळणांच्या बागेतला कर्णा

मित्रांनो, मागे उभ्या असलेल्यांना ऐकू येते आहे ना? आधी हे विचारून घेतो, कारण ही काळजी मला जन्मापासून आहे. मी पत्र्याचा एक जुना कर्णा आहे. अरुंद टोकाला तोंड लावून बोलायचे आणि रुंद टोकातून तोच आवाज मोठा होऊन बाहेर पडायचा, एवढेच माझे काम. वीज नको, तार नको, बटण नको. पोटात नुसती पोकळी. म्हणूनच की काय, धास्ती माझ्यात फार लवकर भरते.

डबे आणि नरसाळी करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात मी घडलो. त्याने पत्रा कापला, लाकडी ठोकळ्यावर ठोकून वळवला, कडा एकमेकींत दुमडून कथलाचा डाग देऊन जोडल्या आणि पाठीवर एक मूठ बसवली. माझी परीक्षा त्याच्या बायकोने घेतली. दारात उभी राहून ती माझ्यातून म्हणाली, "अहो, जेवायला चला!" कारागीर आत होता, तो आलाच, पण पलीकडच्या गल्लीतले दोन गृहस्थही हात धुऊन उभे राहिले म्हणतात. "चालेल हा," कारागीर म्हणाला. एवढे कौतुक मला त्या दिवशी पुरले.

मला विकत घेतले ते एका मोठ्या बागेतल्या नावाड्याने. बागेत एक तळे होते आणि तो तिथे होड्या भाड्याने द्यायचा. "सात नंबर, वेळ झाली! या परत!" असे तो माझ्यातून ओरडायचा आणि तळ्याच्या टोकाला गेलेली सात नंबरची होडी नाइलाजाने वळायची. लोक हसायचे, माझ्याकडे बोट दाखवायचे. मला मात्र सदा एकच भीती, की नावाड्याच्या हातून सुटून मी पाण्यात पडलो तर? तो फार हातवारे करायचा.

मी पडलो नाही. तळेच गाळाने भरत गेले. होड्यांचे तळ चिखलाला टेकू लागले, मग होड्या गेल्या आणि नावाडीही मुलाकडे राहायला गेला. माझी रवानगी बागेच्या कोठारात झाली. तिथे माळ्यांनी माझे नरसाळे केले. गवत कापायच्या यंत्रात माझ्यातून तेल ओतायचे. ज्या गळ्यातून माणसांचे आवाज गेले, त्या गळ्यातून काळे तेल जाऊ लागले. किती वर्षे गेली ते मोजले नाही. कडेला गंज धरला. आपल्याला आता भंगारात घालणार, या विचाराने कोठाराचे दार वाजले की मी दचकत असे.

एके दिवशी दार वाजले आणि चित्रकलेच्या बाई आत आल्या. एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. वर्गाला घेऊन त्या याच बागेत चित्रे काढायला यायच्या. चित्र काढता काढता त्यांच्या लक्षात आले होते की इथली वाट उगाच वळत नाही. त्यांनी जुनी दप्तरे चाळली, माळ्यांना विचारले, नकाशे धुंडाळले. तेव्हा कळले की शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने ही सगळी बाग आखली होती. आधी इथे सपाट माळ होता. त्याने तळे खोदले. निघालेल्या मातीच्या टेकड्या रचल्या. वाटेला सहा वळणे दिली आणि प्रत्येक वळणावर झाडे अशी दाट लावली, की चालणाऱ्याला पुढचे काही दिसू नये. पाण्याचा गारवा लागतो, पक्षी ऐकू येतात, पण तळे दिसत नाही. सहाव्या वळणावर झाडी संपते आणि सगळे तळे एकदम समोर येते. ती झाडे मोठी झालेली बघायला तो माणूस उरणार नव्हता. हे त्याला ठाऊक होते, तरी त्याने ती लावली.

बाईंनी मला उचलले, फुंकर मारली आणि माळ्याला विचारले, "हा मी नेऊ का?"

"न्या की. पण तेलकट आहे हो."

"मीही कुठे कोरी करकरीत आहे?" बाई म्हणाल्या. घरी नेऊन त्यांनी मला राखेने घासले.

चार-पाच ओळखीच्या माणसांना गोळा करून बाईंनी एक छोटे मंडळ काढले. नाव ठेवले बाग-ओळख मंडळ. नफा कोणालाच नको होता. लोकांना बाग दाखवायची, शाळांतून सांगायला जायचे, वाचनालयाच्या व्हरांड्यात चित्रे लावायची, असे त्यांचे काम. दर रविवारी सकाळी फेरी असे. पहिल्या फेरीला तीन माणसे आली. त्यातला एक दाताचा दवाखाना शोधत चुकून आला होता. तोही बिचारा गाल धरून चौथ्या वळणापर्यंत चालला.

लोक म्हणायचे, "काय छान जंगल वाढलंय!" बाई माझ्यातून म्हणायच्या, "वाढलं नाही हो, वाढवलंय!" मला अभिमान वाटे. पण दर रविवारी काळजीही असे. आज माणसे येतील का? आणि एक गोष्ट मला खुपायची. सहावे वळण आले की बाई मला खाली करायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. जिथे सांगण्यासारखे सगळ्यात जास्त, तिथेच मला गप्प बसवायचे! माझे काही चुकते का, असे मला वाटत राही.

मग एका रविवारी फाटकावर पाटी दिसली. बाहेरच्या चौकातली कोंडी कमी करण्यासाठी बागेतून एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत सरळ रस्ता काढायचा होता. टेकड्या सपाट होणार, तळ्याचा अर्धा भाग भरला जाणार. महिन्याभरात एक समिती पाहणीला येणार होती.

बाईंनी पाटी दोनदा वाचली. मग त्यांनी मला तोंडाला लावले आणि फाटकातच ती जमलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

त्यानंतर बाई थांबल्याच नाहीत. शाळा, वाचनालय, बाजार, दवाखान्याची रांग, जिथे चार माणसे दिसतील तिथे त्या मला तोंडाला लावायच्या. मी मनात म्हणत होतो, बाई, हळू. त्यांचा आवाज माझ्यातून जाताना खरवडत होता. मला तो आधी ऐकू येतो ना! तिसऱ्या आठवड्यात एका शाळेच्या पटांगणावर त्यांनी तोंड उघडले आणि नुसती हवा बाहेर आली.

डॉक्टरांनी सांगितले, "सहा आठवडे अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल."

समिती यायला आठ दिवस उरले होते.

मंडळाची बैठक बाईंच्या स्वयंपाकघरात भरली. निवृत्त पोस्टमनकाका चार माणसांपुढे उभे राहिले की अडखळायचे. औषधांचे दुकान चालवणारे गृहस्थ बोलायचे पुष्कळ, पण बागेवरून सुरुवात करून थेट पचनसंस्थेवर जायचे. मी फळीवर बसून ऐकत होतो.

तेवढ्यात बाईंची सून कामावरून आली. ती बसस्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठल्या गाडीला उशीर आहे, हे दिवसभर सांगून घरी आली की ती फारशी बोलत नसे. सासूबाईंची बाग तिला पटलेली नव्हती. "जन्मभर पोरांना वळण लावलं, आता आई वाटेच्या वळणांमागे लागल्यात," असे ती नवऱ्याला म्हणायची. रागाने नव्हे, पण म्हणायची.

बाईंनी दगडी पाटीवर लिहिले आणि तिच्यापुढे धरले: तू बोलशील?

"मी?" सून म्हणाली. "आई, मला फक्त गाड्या सांगता येतात."

बाईंनी पाटी पुसली आणि लिहिले: मग गाड्यांसारखंच सांग.

सून हसली नाही. ताट वाढून घेतले, जेवली, भांडी घासली. मग हात पुसत म्हणाली, "बागेची माहिती लिहिलेली वही कुठे आहे तुमची?"

पाहणीच्या सकाळी साठेक माणसे जमली. समितीत तिघे होते. रस्त्यांचे काम बघणाऱ्या अभियंता मॅडम, कागद सांभाळणारा एक कारकून आणि दुकानदारांचे प्रतिनिधी. हे प्रतिनिधी छातीवर हात बांधून उभे होते. सुनेने मला उचलले. तिची पकड अनोळखी होती. नाकातला तो स्थानकावरचा आवाज माझ्यातून बाहेर पडला: "कृपया इकडे लक्ष द्या. पहिलं वळण डाव्या बाजूस येत आहे."

लोक खदखदून हसले. माझा पत्रा गार पडला. झाले, संपले, असे मला वाटले. सून मात्र वहीत बघून सांगत राहिली. टेकडी कशाची, झाडे कोणी लावली, का लावली. दुसऱ्या वळणावर हसणे कमी झाले.

तिसऱ्या वळणावर दुकानदारांचे प्रतिनिधी म्हणाले, "वाट वाकडी आहे म्हणून तर सरळ करायची! एवढं साधं आहे."

अभियंता मॅडम सुनेकडे वळल्या. "चौकात रोज तासभर लोक अडकतात. रुग्णवाहिका अडकते. त्यांना मी काय सांगू? बागेतली वळणं बघा म्हणून?"

याचे उत्तर वहीत नव्हते. सुनेने पान उलटले, परत उलटले. मग वही काखेत धरली आणि म्हणाली, "मॅडम, त्या कोंडीत मीही असते. गाडीला उशीर झाला की शिव्या मलाच बसतात. रस्ता मलाही हवाय. पण तो इथूनच का, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही."

मी हादरलो. मंडळाची माणसेही हादरली. आपल्याच बाजूची सून म्हणते रस्ता हवा! पोस्टमनकाकांनी डोक्याला हात लावला. अभियंता मॅडमनी कारकुनाला काहीतरी टिपून घ्यायला सांगितले. ते आमच्या बाजूचे होते की विरुद्ध, कळायला मार्ग नव्हता.

चौथे वळण गेले. पाचवे गेले. झाडी दाटली. सून पुन्हा वहीतून वाचू लागली, "आता सहावं वळण. समोर दिसणारं तळं हे..."

एकाएकी अंधार झाला. बाईंनी पुढे येऊन माझ्या तोंडावर तळहात ठेवला होता. सुनेचा शब्द माझ्या पोटातच घुमला आणि विरला. तिने चमकून सासूकडे पाहिले. बाईंनी मान हलवली, नको.

साठ माणसे कोणी काही न बोलता वळली.

मित्रांनो, मला स्वतःचा श्वास नाही. पण साठ माणसांचा श्वास एकदम थांबला की काय होते, ते कर्ण्याला कळते. त्या क्षणी मला माझे कोडे सुटले. बाई मला तिथे खाली का ठेवत होत्या? बाग आखणाऱ्या माणसाला सहा वळणे घालून जे सांगायचे होते, ते तो स्वतः सांगत होता. मध्ये माझी लुडबुड नको होती.

अभियंता मॅडम मागे गेल्या, झाडीआड दिसेनाशा झाल्या आणि पुन्हा चालत आल्या. मग आणखी एकदा गेल्या. परत आल्यावर त्यांनी विचारले, "हे मुद्दाम केलंय?"

सुनेने मला खाली धरूनच उत्तर दिले. "हो, मुद्दाम. मलाही आजच कळलं."

"वहीत नव्हतं?"

"होतं की. वाचलंही होतं."

त्यानंतर दहा आठवडे काहीच कळले नाही. एकदा बातमी आली की रस्ता मंजूर झाला. मग कळले ती दुसऱ्याच रस्त्याची होती. पोस्टमनकाका जन्मभर दुसऱ्यांची पत्रे वाटत फिरले, आता स्वतः पोस्टमनची वाट बघत फाटकाशी बसायचे. शेवटी पत्र आले. रस्ता बागेच्या मधून न जाता मागच्या कुंपणाला लागून जाणार होता. वळणे वाचली, तळेही वाचले. पण मागची रोपवाटिका गेली आणि कुंपणालगतची एकोणीस जुनी झाडे तोडली गेली. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून त्या माणसाने ती लावली होती. तोडणी चालली होती त्या दिवशी बाई एकेका झाडाचे चित्र काढत बसल्या होत्या. करवत त्यांच्यापेक्षा भराभर चालत होती. चौदा चित्रे पुरी झाली.

पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. हा निर्णय पाच वर्षांपुरता आहे. लोक खरोखर बाग बघायला येतात का, हे पाहून पुढचे ठरेल.

त्यातली तीन वर्षे सरली. बाईंचा आवाज परत आला, पण सुतासारखा बारीक. त्या आता वर्गात जाऊन मुलांना जवळ बसवून सांगतात. तिथे माझी गरज पडत नाही. रविवारची फेरी सून घेते, साप्ताहिक सुट्टी तिने त्याच दिवसाची मागून घेतली आहे. तिसऱ्या वळणावर आता मागच्या रस्त्यावरच्या मालमोटारींचा आवाज येतो आणि तिला मला जोरात लावावे लागते. माझी डागाची शिवण एका जागी उकलली आहे. तिथून आवाज फुटतो. मागच्या रविवारी बावीस माणसे होती, त्याच्या आधी पाऊस होता म्हणून चारच. समितीला दाखवायला येणाऱ्यांची मोजदाद ज्या वहीत ठेवतात, तिच्यात ही चार कशी दिसतील, याचा विचार मला बेचैन करतो.

मित्रांनो, जुनी इमारत पडायला आली की तडे दिसतात, लोक हळहळतात. आखलेली बाग अशी ओरडत नाही. ती आपोआप उगवली असेच सगळ्यांना वाटते आणि आपोआप उगवलेल्या गोष्टी कोणीही कापतो. तुमच्या गावात एखादी वाट विनाकारण वळलेली दिसेल, एखाद्या रांगेत एकाच वयाची झाडे उभी असतील, सपाट जमिनीवर मध्येच उंचवटा असेल. तिथे थांबा. हे कोणी केले, कशासाठी केले, ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, माळ्याला विचारा, आणि कळले की शेजारच्याला सांगा. सांगायला कर्णा लागतोच असे नाही. फक्त वेळेवर सांगा, कारण झाड तोडायला एक सकाळ पुरते.