बाकावरची

संजीवनीच्या भित्रेपणाचे किस्से तिच्या सासरी, मेहकरात, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखे वाटले जायचे. पाल दिसली की ती पलंगावर चढते, फटाके वाजले की न्हाणीत शिरते, आणि हौसेनं घेतलेली स्कूटी अजून अंगणात चादर पांघरून उभी आहे, हे ठाऊक नाही असा एकही नातेवाईक उरला नव्हता. तीही सगळ्यांबरोबर हसायची. म्हणूनच आल्प्समधल्या त्या उतारावरून आपण स्कीवर खाली आलो, ही एक गोष्ट ती आता कुणालाही हिरावून घेऊ देणार नव्हती.

तिच्या नवऱ्याचं, जीवनचं, कृषी केंद्र होतं. बियाण्यांच्या कंपनीनं चांगली विक्री करणाऱ्या दुकानदारांना जोडीनं तिकडे बर्फात नेलं होतं. बायकांनी भाड्याची जाकिटं चढवली, पायांत ते जडशीळ बूट घातले, आणि बहुतेकींनी फोटोपुरतंच धाडस केलं. संजीवनी मात्र वर गेली. गुडघे वाकवले, काठ्या रोवल्या, निम्म्यात सपशेल आपटली, उठली, आणि तोंडावर वारा घेत खाली आली. इतकी हलकी ती आयुष्यात कधी झाली नव्हती.

परतल्यावर सासूबाईंनी, रुखमाबाईंनी, दारातच भाकरतुकडा ओवाळला. एक जीवनवरून, एक संजीवनीवरून. मग त्यांनी तिसरा तुकडा मोडला.

"आई, दोघंच तं गेलतो आमी," जीवन म्हणाला.

"गाडीतून तीन जनं उतरले ना?" असं म्हणत त्यांनी संजीवनीच्या मागच्या मोकळ्या जागेवरून तुकडा ओवाळला आणि रस्त्यावर टाकला. त्यांच्या मोतीबिंदूवर सगळे हसले.

संध्याकाळी शेजारपाजारचे व्हिडिओ पाहायला जमले. मोबाइलमध्ये उताराच्या पायथ्याशी एक लाकडी बाक होता, आणि बाकावर निळ्या जाकिटातली संजीवनी मान खाली घालून रडत होती. "चाल ना वं, ऊठ ना!" असा जीवनचा हसरा आवाज ऐकू येत होता. व्हिडिओ संपेपर्यंत ती काही उठली नाही.

"मी उतरली," संजीवनी म्हणाली.

"तू बाकावरून हालली नाईस. म्या सवता शूटिंग केली."

तिनं सगळ्यांदेखत सलवार वर ओढून गुडघा दाखवला. काळानिळा पडला होता. "मंग हे काय बाकावर बसून लागलं?"

"न्हानीत पडली असशीन," जीवन म्हणाला, आणि घर पुन्हा हसलं. या वेळी संजीवनी हसली नाही.

पुढच्या आठवड्यात एकदा ती बाजारातून आली, तर चहा आधीच झालेला होता आणि जीवन अंगणात स्कूटीवरची धूळ झटकत होता.

"गिऱ्हाईक पाह्यलं," तो मायेनं म्हणाला. "तू काळजी नको करू."

"काऊन इकता?"

"आता तं म्हनली ना तू, मले भेव वाटते, इकून टाका म्हनून. रडत होती."

तिची पिशवी अजून हातातच होती. इतक्या मायेनं जीवन तिच्याशी कधी बोलला नव्हता. बोलला होता तो दुसरीशी, हे तिला उमगलं. खरं तर तिनं घाबरायला हवं होतं. पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती आग तिला फार आवडली.

"चाबी द्या," ती म्हणाली. "गाडी माई हाये."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी, जीवन जेवायला आलेला असताना, तिनं चादर काढून फेकली आणि गाडी सुरू केली. पैनगंगेच्या पुलाकडे जाणाऱ्या उतारावर हँडल लटपटलं, तिनं पाय टेकवला, दम घेतला आणि पुन्हा सुटली. ओढणी मागं उडत होती. पुलावर पोचून ती एकटीच मोठ्यानं हसली आणि तशीच माघारी फिरली.

दार आतून बंद होतं. तिनं कडी वाजवली.

"कोन हाये?" आतून एका बाईनं घाबरत विचारलं. तो आवाज संजीवनीनं जन्मभर वापरला होता.

"मी संजीवनी."

आत कुजबुज झाली, कुणीतरी मुसमुसलं, आणि मग जीवन दाराजवळ आला.

"संजीवनी घरातच हाये," तो परक्याशी बोलावं तसं बोलला. "तुमाले कोन पायजे?"

चावी मुठीत आवळून संजीवनीनं पुन्हा कडी वाजवली, आधीपेक्षा जोरात.

"तीच पायजे," ती म्हणाली. "तिले बाहेर पाठवा."