पाचशे ग्रॅमचा ट्रिगर

केस विंचरता विंचरता आत्याची फणी अर्ध्यावरच थांबली. समोर आरसा होता, पण तिला दिसत होतं दुकानातलं धाकटं बाक आणि त्याच्या वरच्या खिळ्यांना टांगलेल्या नव्या कोऱ्या स्प्रिंगा, प्रत्येकीच्या पायाशी एकेक वजन.

"अगं बाई गं," ती आरशालाच म्हणाली, "नवी होती की ती!"

वडिलांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यात दोन बाकं. थोरल्या बाकावर दांडीचे तराजू, ते आत्याकडे. धाकट्यावर स्प्रिंगचे काटे, ते भावाकडे. अठ्ठावीस वर्षं दोघं भावंडं एकमेकांकडे पाठ करून बसली आणि पाठीनेच भांडली. "तुझा तराजू म्हणजे वर्गातला हुशार मुलगा," भाऊ म्हणायचा, "सांगितलं की ऐकतो. माझी स्प्रिंग आधी रुसते, मग बसते." म्हणून नवी स्प्रिंग तो चार दिवस वजनाखाली ताणून ठेवायचा, ती सैल व्हायची तेवढी होऊ द्यायचा, आणि मगच काट्यात घालायचा. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. धाकट्या बाकावर आता फक्त धूळ होती.

त्याची मुलगी नेमबाज निघाली. दहा मीटर, एअर पिस्तूल. आज निवड होती. पहिल्या सहा जणी शिबिराला जाणार. मागच्या वर्षी ही एका गुणाने राहिली होती आणि वयाच्या हिशेबाने ही शेवटचीच संधी. तिचं म्हणणं असं, की ट्रिगर जड आहे, अगदी शेवटच्या क्षणी हात हलतो. नियम असा, की पिस्तूल उभं धरायचं, नळी वर, ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि टेबलावरून उचलायचं. वजन लटकत राहिलं तर पास. ट्रिगर सुटला तर नापास. स्पर्धा संपल्यावर चिठ्ठ्या टाकून काही जणींची पिस्तुलं तपासतात. तिथे सुटला तर सगळे गुण पाण्यात.

काल दुपारी आत्याने पिस्तुलातली जुनी, गंजलेली स्प्रिंग काढून नवी बसवली आणि स्क्रू फिरवत फिरवत असा आणून ठेवला, की पाचशे उचलेल आणि पाचशे एकला सुटेल. दांडीच्या तराजूवर जन्म काढलेलं माणूस. कमी नाही, जास्त नाही, यातच तिचा सगळा मान. वर पाच-दहा ग्रॅम राखून ठेवणं तिला लबाडीसारखं वाटलं.

"आत्या, लोणी आहे गं लोणी!" ट्रिगर ओढून बघत भाची म्हणाली होती.

फोन लावला तर बंद. नेमबाजांचे फोन बॅगेत आणि बॅगा कपाटात. आत्याने अर्धवट केसांचाच अंबाडा घातला, स्क्रू फिरवायची षटकोनी चावी पर्समध्ये टाकली आणि बस पकडली. बसायला जागा होती, तरी ती उभीच राहिली. दर थांब्याला ड्रायव्हरच्या मानेकडे असं बघत होती, की तो बिचारा शेवटी म्हणाला, "आजी, मी उडवू का बस?"

हॉलच्या दारात प्रशिक्षक भेटले.

"सर, तिला बाहेर बोलवा. पिस्तूल घेऊन."

"आत्ता? पंधरा मिनिटांत लाइनवर जायचंय."

"म्हणूनच आत्ता."

भाची आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?"

"घरी काही नाही. स्प्रिंग नवी आहे, ती रात्रीत सैल झाली असणार. तपासू दे."

"मी सकाळीच तपासलंय. पास झालं."

"किती वेळा उचललंस?"

"एकदा. एकदाच उचलायचं असतं!"

दाराशी सरावाचं तपासणीचं टेबल होतं. आत्याने वजन अडकवलं आणि उचललं. राहिलं. "बघ!" भाची म्हणाली. आत्याने पुन्हा उचललं. टक. ट्रिगर सुटला. तिसऱ्यांदा पुन्हा राहिलं.



"तीन संधी देतात," भाची हळूच म्हणाली. "तीनातून एकदा तर राहीलच."

"आत्ता राहतंय. साठ शॉट मारून झाल्यावर?"

"माझा नंबर कशावरून निघेल? चाळीस जणी आहोत!"

आत्याने सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडे नका बघू. पिस्तूल तिचं आहे."

भाची हॉलच्या दाराकडे बघत राहिली. मग तिने टेबलावरचं पिस्तूल आत्याकडे असं ढकललं, जसं कुणी उष्टं ताट सरकवावं. "कर."

आत्याने चावी लावून स्क्रू आवळला. पाव फेरा. उचललं, राहिलं. दहा वेळा उचललं, दहाही वेळा राहिलं. भाचीने ट्रिगर एकदा ओढून पाहिला. "दगड," ती म्हणाली आणि आत गेली.

आत्या मागच्या रांगेत बसली, उठली, पुन्हा बसली. शेजारची बाई म्हणाली, "अहो, खुर्चीला काटे आहेत का?" पडद्यावर भाचीचा पहिला शॉट सात. दुसरा आठ. मग नऊ, नऊ, दहा. हळूहळू हात त्या ट्रिगरला सरावला, पण पहिल्या दहा शॉटांत जे सांडलं ते भरून आलं नाही. शेवटी ती आठवी आली. सहावीला तिच्यापेक्षा दोन गुण जास्त होते.

मग पंचांनी चिठ्ठ्या काढल्या. चार नंबर पुकारले. भाचीचा त्यात नव्हता.

बसथांब्यावर दोघी शेजारी बसल्या, मध्ये पिस्तुलाची पेटी.

"नंबर निघालाच नाही," भाची म्हणाली.

"हो."

"तू आली नसतीस तर मी सहात असते."

"असतीस." आत्या म्हणाली, "चूक माझी. तुझ्या बापाने असं कधीच केलं नसतं."

"बाबांनी मला वेळेवर कधी काही दिलं नसतं. म्हणाले असते, चार दिवस थांब, स्प्रिंग रुसलीये."

आत्याला हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले. भाचीने तिकडे पाहिलं नाही.

"मी चिडलेय," ती म्हणाली. "आणि निदान रविवारपर्यंत चिडलेलीच राहणार आहे. आधीच सांगून ठेवते."

"राहा."

"मनवायचं नाही."

"नाही मनवत."

बस आली. भाची उठली, पेटी उचलली आणि मागे वळून म्हणाली, "चढ ना आता. का उभीच राहणारेस?"

आत्या चढली. या खेपेला जागा नव्हती.